माग चालू असताना

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
आमच्या टॉवेलच्या खात्यात
तोंडाचा उपयोग फक्त चहाला.
चाळीस माग एकदम धडधडायला लागले
की तेलुगू, कानडी, उर्दू, मराठी
सगळ्या एकाच भावात जातात.

दोन बोटं कात्रीसारखी : धागा तुटला.
करंगळी वर : जाऊन येतो, माझा माग बघ.
पोटावरून गोल हात : शेठ आले.
‘बे’ तेवढा ओठांवरून वाचायचा.
तो सोलापुरात कुणालाही वाचता येतो.

नागमणी यमूल कामाला लागली,
सहा दिवस कुणाला कळलंच नाही
की तिला ऐकू येत नाही.
सातव्या दिवशी लाइट गेली.
माग थांबले,
सगळे एकदम तोंडाने बोलू लागले
आणि ती
आमच्या हातांकडे बघत उभी राहिली.
खाली लोंबणारे, मुके हात.

पुढे चार वर्षांनी जॉबरची जागा निघाली.
तिच्या मागाचा टॉवेल परत आल्याची नोंद
माझ्या रजिस्टरात एकच,
तीही तिच्या रजेच्या दिवसाची.
मुलाखत वरच्या ऑफिसात. काच, एसी,
भिंतीवर नवं पोस्टर : सर्वांना समान संधी.
खुर्ची दिली, कपबशीतून चहा दिला.
एकजण फाइलकडे बघून बोलला,
एकजण खिडकीकडे,
तिसऱ्याच्या तोंडात मावा.
ती दोनदा हसली.

‘चर्चेत भाग घेत नाही. नेतृत्वगुण कमी.’
हे टाइप मीच केलं.
वेलांटीसुद्धा तपासली.

जागा इरण्णा बिराजदारला मिळाली.
त्याला बीम भरायला तिनेच शिकवलेलं.
पेढे वाटताना तो तिच्यापुढे आला,
दोन्ही हातांत बॉक्स,
त्यामुळे काही सांगता आलं नाही.

परवा ऑर्डरमध्ये नुक्स निघाले
म्हणून मॅनेजरसाहेब स्वतः खाली उतरले.
चाळीस माग चालू.
साहेब ओरडत होते, गळ्याच्या शिरा फुगवून,
कुणाला एक अक्षर कळेना.
शेवटी इरण्णाने नागमणीकडे बोट केलं.
तिने पुसणीला हात पुसले,
साहेबांची दोन बोटं धरली,
कात्रीसारखी उघडली,
मिटली.
पुन्हा उघडली.
साहेबांनी आपणहून एकदा करून बघितलं.
चुकलं.
तिने परत धरून दाखवलं.

उद्या वर मीटिंग आहे.
मी अर्ज टाकलाय, साध्या कागदावर :
मीटिंग खाली घ्या, माग चालू ठेवून.
उत्तर आलेलं नाही.
इतिवृत्ताचा कागद मशीनला लावलाय,
तारीख घातलीय.
‘ठिकाण’पुढे
कोरं.