जामझिरी, सोमवार

इंदूरहून निघाले तेव्हा दूधवालेही उठले नव्हते.
महू मागे पडलं. घाटात
रात्री उतरलेले दगड रस्त्यावर बसून होते
आणि कुणीतरी त्यांना चुना लावून ठेवला होता,
म्हणजे आता ते तिथलेच.

धरण माझ्या आईच्या वयाचं.
पोटात काळी माती, वर मुरूम,
पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग, मधूनमधून दात पडलेलं.
माथ्यावर चालताना एका जागी
पावलाला कळतं, डोळ्याला नाही:
इथे चार बोटं खचलंय.
लेव्हल लावली. चार नाही, सहा.
पीझोमीटर अकरा, त्यातले सात बुजलेले,
एकात मधमाश्या.
उरलेल्या तिघांची साक्ष लिहून घेतली.

माझ्या आधी मुळ्ये साहेब येत.
रजिस्टरात एकोणीस वर्षं त्यांच्या टाकाचं तेच वाक्य:
पाझर आहे. पाणी स्वच्छ. चिंता नाही.
यातला स्वच्छ तेवढा महत्त्वाचा.
मातीचं धरण पाझरतंच, पाझरू द्यावं,
फक्त पाझरताना त्यानं
स्वतःला सोबत नेऊ नये.

पलीकडच्या डोंगरावरचे साग
बुंध्याशी वाकून पुन्हा सरळ वर गेलेत,
घसरणारा माणूस मान ताठ ठेवतो तसे.
वरच्या पाड्यातली थावरीबाई म्हणाली,
तिच्या कुंपणाचा खांब दर पावसात
हातभर शेजाऱ्याच्या शेतात जातो
आणि भांडण मात्र तिच्याशी होतं.
मी भेगेत पट्टी घातली.
पट्टी संपली, भेग नाही.
हा तुकडा एका रात्रीत तलावात बसला
तर तलाव उठून उभा राहील,
आणि पाणी ते माथा, आज अंतर दीड मीटर.
फॉर्ममध्ये डोंगराला रकाना नाही.
डोंगर जंगल खात्याचा.

दुपारी चौकीत चहा.
खिडकीच्या फळीवर पव्व्यांची लांबच लांब रांग.
माझी नजर बघून भेरूलाल हसला:
"पीऊं नी, बाईजी. पाणी है."
दर सोमवारचं, पायथ्याच्या झऱ्याचं,
बुचावर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख.
कुणी सांगितलं होतं?
कुणी नाही. वरिष्ठ वर्षातून एकदा येतात, म्हणाला,
पाणी रोज येतं.

एकेक बाटली उजेडात धरली.
आषाढातल्यांतून खिडकीचे गज स्वच्छ दिसले.
श्रावणातल्या पहिल्या दोन्हींतूनही.
तिसरीतून दिसले, पण जरा लांबचे.
आज सकाळचीतून
भेरूलालची बोटं दिसेनात,
आणि ती तर बाटलीलाच लागून होती.

शेवटच्या रकान्यात तीन पर्याय छापलेले:
सुरक्षित. असुरक्षित. देखरेख आवश्यक.
खाली गावात शाळा सुटत होती,
एक मुलगी सांडव्याच्या भिंतीवरून
दप्तर डोक्यावर घेऊन चालली होती, दोन्ही हात पसरून.
मी तिन्ही पर्याय सोडले, समासात लिहिलं:
दरवाजा आजच उघडावा. पाणी तीन मीटर उतरवावं, हळू.
तोवर खालच्या आळीनं शाळेत झोपावं,
शाळा उंचावर आहे.
खाली सही. पूर्ण नाव, वडिलांच्यासकट.

घाटमाथ्यावर जाऊन रेंज शोधली.
साहेब म्हणाले, मुळ्यांनी कधी असं लिहिलं नव्हतं.
म्हटलं, मुळ्यांनी खोटं लिहिलं नव्हतं.
पाणी बदललंय.
बराच वेळ फक्त खरखर.
मग म्हणाले, लेखी पाठवा.
मग, चाकाला तेल आहे का?

तेल नव्हतं. पाड्यातून महुव्याचं आणलं.
रात्री कंदिलाखाली मी आजची बाटली टेबलावर ठेवली,
गढूळ, हलेनाशी,
आणि तळाशी हळूहळू एक काळी रेघ जमू लागली,
नखाएवढं धरण.
बाहेर गंजलेलं चाक किंचाळत होतं
आणि भेरूलाल प्रत्येक फेऱ्याला मोठ्यानं मोजत होता,
सात, आठ,
नऊवर थांबला, श्वास घेतला,
पुन्हा नऊ म्हणाला.