चौथा खर्डा

ऑगस्टात जिनिंग बंद. काट्याच्या केबिनमध्ये
मी, एक ट्यूबलाइट, आणि मागच्या हंगामाच्या पावत्यांचा गठ्ठा.
पाठकोऱ्या बाजूंवर मी जादूगार दुरुस्त करतो.

पुस्तकातला जादूगार रात्रभर झोपतो
आणि सकाळी त्याचे खर्चलेले मंत्र सगळे परत जागेवर.
लोमेश पहिल्याच रविवारी हसला :
"झोपून भरते? आमच्या वावरात तं
लाइन रात्री बाराले येते,
मोटर लावाले उठाच लागते."
म्हणून जादू आता थ्री फेजची.
तीन दिवस दिवसा, चार दिवस रात्री,
आणि ज्याला डोळा लागला
त्याचा मंत्र ओलिताविना.

राजरत्नला देवाकडून शक्ती घेणारा गडी नको होता.
"मी कोनाले मागत नाई," एवढंच म्हणाला,
फासा खाली ठेवून.
त्याच्यासाठी मी वाचक लिहिला :
तो मोठ्यानं वाचेल ते घडतं,
पण ऐकणारा एक तरी हवा.
भिंतीला वाचून दाखवलेलं फुकट जातं.

वीस तोंडांचा फासा त्याच महिन्यात
काट्याच्या प्लेटीखाली गेला, खड्ड्यातल्या पाण्यात.
तेव्हापासून पाच फोडलेले चिंचोके.
पांढरी बाजू वर, तर लागला.

मध्ये एकदा मला फार सुचलं.
प्रत्येक मंत्राआधी माणूस काट्यावर चढवायचा,
मंत्रानंतर पुन्हा,
भरलेलं वजा रिकामं, तेवढी किंमत.
दोन रात्री कोष्टकं आखली.
तौसीफनं पावती उलटसुलट पाहिली :
"भाऊ, खेळ हाय का तलाठ्याचा पेपर?"
खोडलं.

आणि भगत. भगत मला स्वतःला आवडला होता.
निंबाचा डहाळा, लिंबू, राखेची पुडी,
तीन पांढरे पडले की विष उतरतं.
अक्षरही बरं काढलं होतं मी.
मोनाली कोडापेनं तो कागद बराच वेळ हातात धरला.

"तीन पडले का उतरते?"
"हो."
"माह्या काकाले तीन घंटे झाडलं.
पानं गळून डहाळीची काडी झाली.
गाडी दारातच उभी होती,
चाबी लावलेली."

तौसीफच्या मुठीत चिंचोके तसेच.
मला नियमपुस्तकातलं एकही पान आठवेना.
दवाखाना इथून एकोणीस किलोमीटर,
हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं,
तरी कुणीतरी ते मोठ्यानं म्हणालं.

ते निघून गेल्यावर मी बसून राहिलो.
बाराला लाइन आली. नाल्यापलीकडं
एक मोटर घरघरली, मग दुसरी.
भगत फाडावा असं वाटलं. फाडला नाही.
भगत गावात आहे, तर खेळातही असू दे,
फक्त त्याच्याकडून उतारा काढून घेतला.
लिहिलं : भगताला विष उतरवता येत नाही.
तो रस्ता आखडतो.
एका पांढऱ्याला एक किलोमीटर.
पाचही पांढरे पडत गेले तरी
चार फेका लागतील,
आणि गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवायची.

पुढच्या रविवारी तिनं वाचलं.
"आन् सुई?"
"ती दवाखान्यात. ती जादू नाही."
"मंग बाटल्या किती हायेत तेबी लिही.
कई कई नसते तिथं."
लिहिलं. बाटल्यांसाठी वेगळी फेक, दारात पोचल्यावर.

राजरत्ननं विचारलं, वाचकानं काय करायचं तोवर?
ती म्हणाली, "त्याच्यासंग बोलत राह्य. झोपू देऊ नको."
हे मी लिहिलं नव्हतं. समासात लिहून घेतलं.

मग कागद तिनं स्वतःकडं ओढला.
"हा मी घेतो."
लोमेश स्टिअरिंग धरल्यासारखा सरसावून बसला.
चिंचोके काट्याच्या वहीवर पडले :
दोन पांढरे, तीन काळपट.

"सतरा राह्यले," ती म्हणाली,
आणि पुन्हा गोळा करू लागली.