निरगाठ

डंडी. रात्रीचे पावणेदोन.
तळघरात सूक्ष्मदर्शकाभोवतीची पेटी सदतीस अंशांवर,
पेशींना थंडी वाजू नये म्हणून.
मी मात्र कोट घालून बसलेली.

भिंगाखाली एक टी-पेशी, कुणा रक्तदात्याची.
नळीवर नाव नाही, नुसता आकडा: ४१७.
ती चालत येते. पाय नाहीत तिला.
मागचं मोडते, त्याच सामानातून पुढचं बांधते,
तेवढीच सरकते.

सांगाडा म्हणतात याला.
मला तो शब्द कधीच पटला नाही.
सांगाडा म्हणजे मेल्यावर उरतो तो.
हा तर जीव असेपर्यंतच असतो,
आणि तेव्हाही मिनिटामिनिटाला उसवलेला,
पुन्हा विणलेला.

आता ती दुसऱ्या पेशीला भिडली.
इथे पाठ्यपुस्तकात कुलूपकिल्लीचं चित्र असतं:
किल्ली बसली, दार उघडलं, निरोप पोचला.
सात वर्षं मीही तेच शिकवलं.
पण ही नुसती बोट लावून थांबत नाही. ओढून बघते.
समोरच्या अंगावरचा एवढासा तुकडा चिमटीत धरते
आणि आतून ॲक्टिनचे धागे खेचू लागतात,
काठाकडून मध्याकडे, काठाकडून मध्याकडे.
बहुतेक सगळ्या सुरगाठी.
ओढलं की सुटतात; घरचीच माणसं ती, ही पुढे जाते.
एखादीच निरगाठ निघते,
ओढावी तसतशी आवळत जाणारी.
तेवढ्यावरून तिला कळतं, हे आपलं नव्हे.

(आपलं ते सुटतं, परकं ते धरून राहतं.
इथे येऊन मला अकरा वर्षं झाली,
मी यावर जास्त विचार करत नाही.)

मग कॅल्शियम.
काळ्या पडद्यावर ती अख्खी उजळते,
वीज गेलेल्या गल्लीत कुणी कंदील लावावा तशी.

एल्स्पेथ गिलक्रिस्ट, आमची तंत्रज्ञ,
निवृत्तीला पाच महिने उरलेली,
परवा डबा खाताना सांगत होती:
आई तिची इथल्याच तागाच्या गिरणीत विणकर.
मागांचा एवढा खडखडाट की शब्दाला जागाच नाही.
बायका ओठ वाचायच्या, बोटांनी बोलायच्या,
आणि शेजारणीचं लक्ष नसेल
तर तिच्या एप्रनला सरळ हिसका.
हिसका बसला की मान वळायची. मग पुढचं बोलणं.

मी म्हटलं, इचलकरंजीत आमच्या बोळात
रात्रंदिवस यंत्रमाग. बाबा जॉबर.
त्यांचे दोन्ही कान मागांनी खाल्ले.
आता फोनवर काहीही सांगा, म्हणतात, "बरं, बरं."

दोन वाजता मी थेंब सोडते.
लाल समुद्रातल्या कुठल्याशा स्पंजाचं विष,
धागे तेवढे उसवणारं.
पेशी मरत नाही. होती तिथेच, भिडलेली,
चिमटीत अजून तोच तुकडा.
पण उजेड ओसरू लागतो.
चाळीस सेकंद मोजते मी. मग काही दिसत नाही.

वहीत नोंद: स्पर्श शाबूत. ओढ शून्य.

तिकडे साडेसात झालेत. व्हिडिओ लावते.
बाबा मफलर गुंडाळून, कपबशी हातात.
मी काही बोलत नाही, फोन पडद्यासमोर धरते
आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून चालवते:
हिरवे धागे, त्यांचं खेचणं, तो थेंब,
मग गुंता, मग नुसते ठिपके.
बाबा चष्मा वर करतात.
कप खाली ठेवतात.

"धागा तुटलाय तुझा," ते ओरडतात,
चाळीस मागांच्यावरून ओरडावं तसे,
"माग बंद कर आधी!"

मीच तोडलाय, बाबा.

"बरं," ते म्हणतात. "बरं, बरं."