भोसरी, नमुना क्रमांक ११७

शाळेत कोळशाचे चार प्रकार पाठ होते:
पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट.
पीटपुढे लिहायचं, कनिष्ठ प्रतीचा.
दोन मार्कांपुरती ओळख.

पंचवीस वर्षांनी तो विमानाने आला,
पंधरा किलो, दुहेरी गोणीत,
सोबत एका थंड देशाच्या सरकारी वीज कंपनीचं पत्र:
यावर चालेल असा बॉयलर हवा.
तोवर आमच्या लॅबमध्ये चिपाडं यायची, भाताची तुसं,
काजूची टरफलं, एकदा तर आंब्याच्या कोयी.
मी गोणी उसवली.
विहिरीचा गाळ काढताना येतो तसा वास,
पण जुना, आणि थंड.

लांडगेमामांनी एक ढेकूळ तळहातावर जोखलं.
"ही तर गोवरीच की," म्हणाले, "म्हशीबिगर."

फाइलीत फोटो होता.
क्षितिजापर्यंत सपाट तपकिरी रान,
त्यात काडेपेटीएवढा ट्रॅक्टर.
आधी चर खणून पाणी काढून देतात,
मग वरचा पेरभर थर खरवडतात,
ऊन मिळालं तर दोन-तीन दिवसांत वाळतो,
कुरडयांसारखा उलथावा लागतो,
मग रांगा, मग छोटी आगगाडी, मग भट्टी.
असे चाळीस उन्हाळे.
देशातल्या दर सातव्या दिव्यामागे हे रान आहे,
असं पत्रात होतं, जरा अभिमानाने.

मामांनी फोटो बराच वेळ धरला.
"हितं आधी कोण ऱ्हात हुतं?"
तसा रकाना फाइलीत नव्हता.
मामांची ज्वारीची पट्टी आमच्या लॅबखाली आहे,
साधारण वजनकाट्यापासून वॉशबेसिनपर्यंत.
हे ते कुणाला सांगत नाहीत,
फक्त फरशी पुसताना तिथे जरा हळू पुसतात.

ओलावा अठ्ठेचाळीस टक्के.
ओव्हनमध्ये रात्रभर ठेवून
मी बरोबर एक ग्रॅम तोलला, मुशीत घातला,
तार जोडली, प्राणवायू भरला, बॉम्ब बंद केला.
बटण दाबलं.
काहीच दिसत नाही, आवाजही नाही,
फक्त भोवतालचं दोन लिटर पाणी
सत्तावीसवरून एकोणतीसवर आलं.

ते रान वर्षाला एक मिलिमीटर वाढतं म्हणे.
मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला:
बोटाच्या टोकाएवढी जागा,
तिच्यावर साचलेली शंभर वर्षं,
म्हणजे हा एक ग्रॅम.
शंभर वर्षं, आणि पाणी दोन अंश.
अहवालात तसा रकाना नव्हता.
मी लिहिलं: राख चार पूर्णांक दोन टक्के. सही केली.
सुलक्षणा मुळूक, ज्येष्ठ तंत्रज्ञ.

ड्रॉइंग निम्मं झालं होतं तेव्हा दुसरं पत्र आलं.
देशाने धोरण बदललं,
भट्ट्या बंद, रानात पुन्हा पाणी सोडणार,
आता वारा, आणि शेजाऱ्याकडून केबल.
क्षमस्व.
ड्रॉइंगवरचं नाव खोडून साहेबांनी
तोच बॉयलर एका साखर कारखान्याला विकला, चिपाडांवर.
आगगाडीवरच्या लोकांचं पुढे काय झालं,
हे विचारायचं कुणाला?

राखीव नमुना नव्वद दिवस ठेवायचा असतो.
एक्याण्णवाव्या दिवशी मामा म्हणाले, मी नेऊ का?
गुरुवार होता, वीज नव्हती,
अर्धी भोसरी दारात खुर्च्या टाकून बसलेली.
अकरा किलो, सायकलच्या कॅरिअरवर.

शुक्रवारी आले ते केस ओले.
गोणी बंबात घातली होती.
"पेटता पेटंना. पेटलं तर विझंना."
आणि पाणी?
"पाणी हुतं बरं. बेताचं ऊन."
मग टॉवेल खांद्यावर नीट करत, थोडं थांबून,
"धूर मातुर गल्लीभर ऱ्हायला रातभर.
कुनी वळखीना कशाचा ते."

अकरा हजार ग्रॅमचा हिशेब
मी केला होता.
सांगितला नाही.