सॉनातला साचा

तुइरे कात्रीनं कार्बनचा दोर कापते,
नखाएवढे तुकडे. शिंकायचं नाही.
रेझिन वजनकाट्यावर, थेंबाच्या हिशेबानं.
मेण पुसलेल्या साच्यात सगळं कोंबून
वर झाकण, चार क्लॅम्प, पिळत पिळत,
फटीतून काकवीसारखं ओघळेपर्यंत.

औलूत बाहेर उणे एकवीस.
गॅरेजात हे सात जन्मांत घट्ट व्हायचं नाही.
म्हणून सॉनात, वरच्या बाकावर, साचा.
आर्वो टॉवेल गुंडाळून दाराशी:
"माझा नंबर कधी?"
"सकाळी."

सकाळी पाचरीवर एक ठोका. टक्.
चेनगार्ड. गोठलेल्या तळ्याला आतून तडे जावेत
तसं काळं, करडं, पुन्हा काळं.
एका कोपऱ्यात हवेचा फुगा राहिलाच.
ती त्यावर अंगठा ठेवून बघत बसते.

मोटरसायकल मेपर्यंत ताडपत्रीखाली.
आर्वो पारोसाच कामावर गेलाय.