अकरावा रकाना

फॉर्मवरचे दहा रकाने चटकन भरतात.
ताप, नाडी, लघवी किती,
वेदना : शून्य ते दहा.
अकरावा : आध्यात्मिक गरज.
सात वर्षं तिथं मी एकच शब्द
गिरवत आले,
हात न थांबवता :
नाही.

चौदा नंबरची निलव्वा, यमकनमर्डीची.
निपाणीच्या वखारीत जन्मभर तंबाखू चाळली,
आता जबडा अर्धा.
माझं कानडी दवाखान्यापुरतं,
नोवु यल्लैती, ऊटा आतेन.
त्यापलीकडचं आम्ही हातांनी बोलतो.
बाहेर पाट्यांवरून भांडण होतं अधूनमधून,
ते या मजल्यापर्यंत
चढून येत नाही. दमत असेल.

पहिल्याच दिवशी तिच्या उशाखालची
सौंदत्तीच्या भंडाऱ्याची पुरचुंडी
मी काढून घेतली.
पांढऱ्या पेशी सातशे. धूळ चालत नाही.
ती काही बोलली नाही.
नुसती मूठ वळली तिनं,
रिकामीच,
आणि चार दिवस उघडली नाही.
सुई लावायला मी दुसरा हात घेतला.

पाचव्या रात्री तीन वाजता
तोंडातल्या तोंडात, जेवढं उरलंय तेवढ्यात :
"सिस्टर, नीवु यारिगे कै मुगीतीरि?"
तुम्ही कुणाला हात जोडता?

मी सलाइनचे थेंब मोजले.
एकोणीस. वीस.
नऊ नंबरचा केदार गेला त्या फेब्रुवारीपासून
शहापूरच्या घरी दिवा आई लावते,
मी चपला काढून सरळ न्हाणीत जाते.
हे कानडीत कसं सांगायचं?
मराठीत तरी कुठं सांगितलं होतं.

मग ड्रॉवर उघडला.
नमुन्याची नवी डबी घेतली, सीलबंद,
नर्सिंग स्टेशनवर मास्क लावून
भंडारा तिच्यात ओतला,
झाकण पिळलं, वरून चिकटपट्टी तीन वेढे,
बाहेरून स्पिरिटनं पुसली.
दिली.

तिनं आधी हलवून पाहिली, कानाशी.
मग झाकणासकट कपाळाला लावली.
मग माझ्या कपाळाला.
थंड प्लास्टिक, स्पिरिटचा वास.
उजेडबिजेड काही पडला नाही.
वेदना सातच होती, मी पुन्हा विचारलं.
फक्त मूठ उघडी होती,
आणि मला तिथून
लगेच हलता येईना.

सहाला चिकोडीची पहिली बस
कोपऱ्यावर हॉर्न देऊन गेली.
पाळी बदलायची वेळ.
अकराव्या रकान्यात पेन टेकवून
मी बराच वेळ उभी,
सोनाली म्हणाली, काय झालं गं?
मग लिहिलं, वाचता येईल अशा अक्षरात :

डबी रुग्णाजवळ ठेवावी.
झाकण घट्ट आहे का,
दर पाळीला पाहावे.