पट्ट्याची पिन

उद्यमबागेत तिसऱ्या शिफ्टला
वॉचमन भरमू हलगेकर चहात खारी बुडवत सांगतो,
"वळायचं म्हणजे एक पट्टा धरायचा,
दुसऱ्याला सोडायचा.
माती उकरत वळती बघ गाडी."

मी पिन ग्राइंडरला लावलेली.
कशाची, ते ड्रॉइंगवर नाही;
नुसता नंबर, आणि मायक्रॉन.
तो एक उचलतो, नखानं कड चाचपतो.
"पट्ट्याचीच हाय की. अशी एक तुटली होती, नदीत.
पाण्यात पट्टेच वल्ही.
एकच चालला, गाडी भोवऱ्यागत फिरली."

"आत किती होते?"

"मागं सहा. पाठीला पाठ,
दोन पाठींच्या मधी डिझेलची टाकी.
दारंपण डिझेलनं भरलेली,
त्याच दारातनं उतरायचं."

मग?

कपाच्या तळातला चुरा तो बोटानं काढतो.
"मी पुढं. मला मागचं दिसत नसतंय.
बुटांचे आवाज मोजायचे, बस."

पहाटे शटर ओढायच्या आधी
तो दारात उभा राहतो:
कल्लाप्पा, नझीर, बसू, मी, धाकटा मुतगेकर...
रजेवरच्या सातेरीसाठीही
जरा थांबतो.

गेजमधून पिन कधीच पास झाली होती.
मी परत मोजली.